परत यायचं ठरलं, पण नाशिक, पुणे, बंगळुरू की हैदराबाद?

प्रश्न: आम्ही चौदा वर्षं न्यू जर्सीत आहोत. जून २०२७ मध्ये कायमचं परत यायचं ठरवलंय. मी क्लाउड आर्किटेक्ट, वय ४३. पत्नी फिजिओथेरपिस्ट. मुलगी सातवीत, घरी मराठी बोलते पण वाचायला येत नाही; मुलगा पहिलीत. दोघांचा जन्म इथला, दोघांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं). आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय, सोबत ग्रीन कार्ड. आई-वडील नाशिकला, वय ७१ आणि ७६. सासुरवाडी पुण्याची. बंगळुरूहून एक चांगली ऑफर आहे. मेहुणा म्हणतो, हैदराबादचे रस्ते बघा. एक्सेलमध्ये चौदा निकष घेऊन गुण दिले, तर हैदराबाद ७३, बंगळुरू ७१, पुणे ६९, नाशिक ५८. फरक इतका थोडा की ठरत नाही. डिसेंबरात तीन आठवडे येतोय, तेव्हा चारही शहरं बघून टाकू असा विचार आहे. भावाचं म्हणणं, मुलांनी दहावी-बारावी महाराष्ट्रात केली तर राज्याच्या कोट्यातून प्रवेश मिळेल. हे खरं का?

उत्तर: शीट सोबत पाठवलीत ते बरं केलंत, गाडी कुठे अडली ते तिच्यातच दिसतं. बंगळुरूच्या रकान्यात हवेला ९, नोकरीला ९, शाळांना ८ आणि ‘आई-वडिलांपासून अंतर’ या ओळीला २. बेरजेत तो २ बुडून जातो. रात्री दोन वाजता नाशिकहून फोन आला की तोच वर येतो आणि तेव्हा हवेचे ९ कामाला येत नाहीत. गणितात नापास झालेल्याला चित्रकलेचे गुण मिळवून पास करत नाहीत, तसं हे. शिवाय चौदा ओळींत मॉलची एक आहे, विमानतळाच्या दोन आहेत, पण पत्नीच्या कामाची एकही नाही. तेव्हा गुण बाजूला ठेवा आणि चाळणी लावा. कोणती गोष्ट जमली नाही तर दोन वर्षांत पुन्हा सामान बांधावं लागेल? ती ज्या शहरात जमत नाही ते शहर यादीतून गेलं, मग त्याचे रस्ते कितीही गुळगुळीत असोत.

सुरुवात मुलीपासून करू, कारण तारीख तिच्यामुळे ठरते. जून २०२७ ला ती सातवी संपवून येईल आणि आठवीत बसेल. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत होते, दहावीत थेट प्रवेश मोजक्या कारणांसाठीच मिळतो. म्हणजे तिला रुळायला आठवीचं एक वर्ष मिळतं. तुमचं येणं एका वर्षाने लांबलं तर ती विमानतळावरून थेट नववीत जाईल आणि काही महिन्यांत बोर्डाच्या नोंदणीला लागेल. शहर बदलता येईल, ही तारीख पुढे ढकलू नका.

वेळापत्रकांचा एक घोळ आधीच लक्षात घ्या. न्यू जर्सीतली शाळा जूनच्या मध्यावर संपते. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे ती दोन-अडीच महिने मागे असेल. महाराष्ट्र मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात. केंब्रिज आणि आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या बऱ्याच शाळांचं वर्ष ऑगस्टच्या आसपास. नावाजलेल्या शाळांचे प्रवेश आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात सुरू होतात, आणि आठवीच्या वर्गात जागा सहसा तेव्हाच असते जेव्हा कुणाची बदली होऊन एखादं मूल गेलेलं असतं. म्हणून शाळेला ‘प्रवेश प्रक्रिया कशी आहे’ असं मोघम विचारू नका. ‘२०२७-२८ ला आठवीत आणि दुसरीत प्रत्येकी एक जागा आहे का, आणि एप्रिलऐवजी जूनअखेर हजर झाल्यास चालेल का’ असं लेखी विचारा. दोन्ही मुलांना एकाच शाळेत जागा मिळणं हीच खरी अडचण असते आणि ती एखाद्या शहरालाच बाद करू शकते.

आता भाषा. हा मुद्दा शीटमध्ये नाही आणि आमच्या मते तोच सगळ्यात जड आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. कर्नाटकात कन्नडसाठी २०१५ चा कायदा आहे, तेलंगणात तेलुगूसाठी २०१८ चा. मुलगी घरी मराठी बोलते, असं तुम्ही लिहिलंय. वाचायला येत नाही. पुण्यात किंवा नाशिकला तिला एक लिपी शिकावी लागेल. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, आणि मराठीचे शब्द तिच्या कानात आधीच आहेत. बंगळुरूत किंवा हैदराबादेत दोन लिप्या, आणि त्यातल्या एकीची भाषा घरात कुणालाच येत नाही. आठवीतल्या मुलीच्या डोक्यावर हे ओझं वर्षभर रोज असतं. त्यात गणितात बीजगणिताचा वेग निराळा आणि हाताने लांब उत्तरं लिहायची सवय नसलेली. परदेशातून आलेल्या मुलांना भाषेतून सूट किंवा श्रेणीत सवलत मिळते का, हे त्या त्या शाळेला लेखी विचारा. तोंडी ‘होऊन जाईल’ला काही अर्थ नसतो. मुलगा लहान आहे, त्याला कुठलीही लिपी येईल.

भावाच्या म्हणण्याचं उत्तर: तसं धरून चालू नका. राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी आणि रहिवास तर लागतोच, पण सहसा भारतीय नागरिकत्वही मागतात. तुमची मुलं अमेरिकन नागरिक आहेत. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआयधारकांना नीट, जेईईसारख्या परीक्षांमधून एनआरआय किंवा अधिसंख्य (नेहमीच्या संख्येवर जादा) जागांपुरतं मर्यादित केलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अधिसूचना मागच्या तारखेपासून लागू करायला नकार दिला. तुमच्या दोन्ही मुलांचा जन्म त्या तारखेच्या आधीचा दिसतो, त्यामुळे अखिल भारतीय जागांबाबत त्यांना फायदा होऊ शकतो. मात्र जन्मदाखले आणि कार्डावरच्या तारखा कोचिंगवाल्याला नको, वकिलाला दाखवा. कोट्याच्या आशेवर शहर मात्र निवडू नका.

कागदपत्रं तिथून निघण्याआधी करा. अमेरिकन शाळा आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला देत नाही, आणि इथला कारकून नेमका तोच मागतो. शाळेच्या लेटरहेडवर मुलाचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, शेवटची उत्तीर्ण इयत्ता, शाळेतला शेवटचा दिवस आणि मुख्याध्यापकांची सही, असं पत्र घ्या. ते पत्र, शेवटच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि जन्मदाखले यांना तिथल्या राज्य सरकारकडून अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून आणा. इथे आल्यावर हे काम कुरियरने करायला महिने जातात आणि तोवर प्रवेश ‘तात्पुरता’ राहतो.

पत्नीचं काम. चौदा वर्षं परदेशात काढून परतलेल्या जोडप्यांत नवऱ्याची नोकरी ठरलेली असते आणि बायकोचं ‘आल्यावर बघू’ असतं. ते बघणं मग होतच नाही. फिजिओथेरपीत रुग्णाशी बोलावं लागतं: कुठे दुखतं, जिना चढताना कळ येते का, काल व्यायाम केला का की नुसतंच हो म्हणताय. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसलेल्या सत्तरीच्या बाईंशी हे इंग्रजीत होत नाही. पुण्यात आणि नाशिकला त्यांची भाषा हीच त्यांची पुंजी ठरेल. बंगळुरूत त्यांना मोठ्या रुग्णालयाच्या आंतरराष्ट्रीय विभागापुरतं राहावं लागेल. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते. त्यांची जुनी नोंदणी असेल तर तिची आजची स्थिती काय आणि नूतनीकरणाला काय लागेल, हे आत्ताच लेखी विचारायला हवं. हे काम तुम्ही नव्हे, त्यांनी करायचं. शीटमध्ये ती ओळ घालून तीही त्यांनीच भरायची.

तुमच्या नोकरीबद्दल. ऑफर पहिल्या नोकरीची आहे. शहर निवडताना दुसरीचा विचार करा. वय ४३ आहे, पहिली नोकरी दीड-दोन वर्षांत सुटली तर घर, शाळा न हलवता दुसरी मिळेल का? नोकरीच्या संकेतस्थळांवर तुमचं पद आणि १५ वर्षांहून अधिक अनुभव अशी गाळणी लावा, शहर निवडा आणि सहा आठवडे दर सोमवारी आकडा लिहून ठेवा. एकाच कंपनीच्या पाच जाहिराती एक म्हणून मोजा. या मोजणीत बंगळुरू पहिलं येईल, त्यात शंका नाही. हैदराबाद आणि पुणे त्यामागे. पण प्रश्न पहिलं कोण हा नाहीच. पुण्यात तुम्हाला परवडेल अशा पगारावर घेणारी दहा-बारा ठिकाणं आहेत का, इतकंच बघायचं. ती आहेत असं दिसलं की बंगळुरूतल्या जास्तीच्या चाळीस ठिकाणांना फारशी किंमत उरत नाही. एका माणसाला एकच नोकरी लागते.

ऑफरचं पत्र वाचताना सीटीसीच्या आकड्यावर जाऊ नका. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि बदलता हिस्सा हे सगळं त्यात धरलेलं असतं. हातात महिन्याला किती, ते लेखी मागा. जॉइनिंग बोनस किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत करावा लागतो आणि आठवड्यातून किती दिवस कार्यालयात यायचं, हेही. आणि त्यांना सरळ विचारा, पुण्यातल्या कार्यालयातून काम करता येईल का. मोठ्या कंपन्यांची पुण्यात कार्यालयं असतात; सही करण्याआधी मागितलं तर मिळतं, नंतर मागितलं तर धोरण आडवं येतं.

आई-वडील. पत्रात त्यांचं वय आहे, गाव आहे, अंतर आहे. त्यांना काय हवंय ते नाही. पुणे-नाशिक सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण चाकणच्या कोंडीसकट पाच तास धरा, शुक्रवारी संध्याकाळी सहा तास. त्यामुळे ‘पुण्यात असलो की जवळच’ ही समजूत अर्धीच खरी. शनिवार-रविवारी जाऊन येता येईल, डॉक्टर बदलण्याच्या वेळी हजर राहता येईल; पण हृदयविकाराचा झटका आला तर पहिले चार-पाच तास तुम्ही पुण्यात असूनही रस्त्यातच असाल. त्या तासांसाठी नाशिकमध्ये माणूस लागतो: शेजारी, भाचा, पगारी मदतनीस, ज्याच्याकडे घराची किल्ली, औषधांची यादी आणि विम्याचं कार्ड आहे. ही व्यवस्था तुम्ही पुण्यात असा की बंगळुरूत, करावीच लागेल.

ते पुण्यात यायला तयार असतील तर चित्र बदलतं. पण ७६ वर्षांच्या माणसाला हलवणं म्हणजे त्याचा डॉक्टर, त्याची बँक, सकाळी फिरायला जाणारी चौकडी आणि वाण्याकडची उधारी, सगळं सोडायला लावणं. म्हणून आधी सहा आठवडे राहून बघायला बोलवा, तेही पावसाळ्यात, जेव्हा खाली उतरणं होत नाही आणि सोसायटीत ओळख नसेल तर दिवस खायला उठतो. जमलं तर त्याच सोसायटीत किंवा पायी पाच मिनिटांवर त्यांचा वेगळा छोटा फ्लॅट घ्या. एका घरात दोन स्वयंपाकघरांच्या सवयी कोंबण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, भाडं धरूनसुद्धा. त्यांचा आरोग्यविमा नसेल तर आजच विचारणा करा: आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतो, आणि तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. तुम्हा चौघांसाठीही तेच. काही कंपन्या अनिवासी भारतीयांना पॉलिसी देतात. तशी मिळाली तर घड्याळ तिथूनच सुरू होतं.

या चाळणीतून हैदराबाद पहिल्या फेरीतच गेलं. १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता उत्तम आहे, पण तिथे तुमचं कुणी नाही, भाषा नाही, पत्नीचं काम अवघड. बंगळुरू नोकरीवर टिकतं आणि बाकी सगळ्यात अडतं. नाशिक माणसांवर टिकतं आणि तुमच्या दुसऱ्या नोकरीवर अडतं. सातपूर-अंबडच्या कारखानदारीत क्लाउड आर्किटेक्टला फार जागा नाहीत, म्हणजे पूर्ण घरून काम आणि तसं करारात लिहिलेलं, असं असेल तरच. शिवाय सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. नेमकं त्याच पावसाळ्यात तिथे घर शोधणं आणि शाळेची बस लावणं म्हणजे हौसच. आमचा कौल पुण्याला. आई-वडील नाशिक सोडायला ठाम नकार देत असतील आणि तब्येत आत्ताच नाजूक असेल, तर मात्र नाशिक आणि घरून काम, पगार कमी झाला तरी.

पुणे म्हटल्यावर काम संपलं असं समजू नका. पुण्यात राहायचं नसतं, पुण्यातल्या पाच किलोमीटरांत राहायचं असतं. हिंजवडीतलं कार्यालय आणि खराडीतलं घर ही दोन वेगळी गावं आहेत; मधलं शहर रोज दोनदा ओलांडावं लागतं. कार्यालय हिंजवडीला असेल तर बाणेर, बालेवाडी, औंध, वाकड. खराडी किंवा विमाननगरला असेल तर कल्याणीनगर, विमाननगर, खराडी. सासुरवाडी कोथरूडची म्हणून कोथरूडला घर घ्याल तर कोथरूडकर खूश होतील, पण मुलगी शाळेच्या बसमध्ये आणि तुम्ही विद्यापीठ चौकात मोठे व्हाल. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या मेट्रो मार्गांच्या स्थानकापासून पायी दहा मिनिटांत घर मिळत असेल तर ते वेगळं गणित. ‘मेट्रो येणार आहे’ या वाक्यावर मात्र जादा भाडं देऊ नका.

मग पाणी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं डोक्यावर असूनही शहराच्या नव्या कडा टँकरवर चालतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलंत तर ते म्हणतील, ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही.’ खरंच नसतो, टँकर येतो ना. हिशेब करून बघा. २०० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचं सरकारी माप. झाले १,०८,००० लिटर. महापालिकेचं पाणी यातलं निम्मंच मिळत असेल तर उरलेल्या ५४,००० लिटरसाठी १०,००० लिटरच्या टँकरच्या रोज पाच-सहा फेऱ्या. म्हणून दोन गोष्टी बघायला मागा: मागच्या मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल, त्यात पाण्याची ओळ वेगळी असेल तर, आणि गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमधलं टँकरचं रजिस्टर. रजिस्टर खोटं बोलत नाही. पिण्याच्या पाण्याची प्रयोगशाळेतली तपासणी कधी झाली तेही विचारा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा बोट पाण्याकडेच होतं. बंगळुरूत हे चुकतं असं नाही: कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून वर चढवावं लागतं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

पहिलं वर्ष भाड्याने राहा. घर विकत घेण्याची घाई नको, सासऱ्यांच्या ओळखीचा बिल्डर असला तरी नको. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी घरी येऊन अंगठ्याचा ठसा घेऊन होते. करारातला लॉक-इनचा काळ नीट वाचा: अकरा महिने लॉक-इन असेल आणि शाळा दुसऱ्या टोकाला मिळाली तर उरलेलं भाडं द्यावं लागतं. तीन महिन्यांवर आणा, घरमालक सहसा ऐकतो. पुढे घ्यायची वेळ आली तर महारेराचा (गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक, भोगवटा प्रमाणपत्र आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

कराचं थोडक्यात, कारण त्याचा शहराशी संबंध नाही पण तारखेशी आहे. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की तुम्ही निवासी. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे काढले असतील तर साठ दिवसही पुरतात. तुमच्या वर्षाकाठी तीन आठवड्यांच्या फेऱ्यांत ते भरत नाहीत. जूनला आलात तर मार्च २०२९ पर्यंत आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नाही) राहाल, म्हणजे परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे इथे कर नाही. १ एप्रिलपासून एकही फेरी न करता ३ ऑक्टोबरला किंवा त्यानंतर आलात (मधे फेरी केलीत तर तेवढे दिवस आणखी उशिरा) तर ही सवलत मार्च २०३० पर्यंत लांबते. पण इथल्या कामाचा पगार दोन्ही बाबतींत इथे करपात्र, आणि ग्रीन कार्ड आहे तोवर अमेरिकेचा करही चालूच. त्या एका वर्षासाठी मुलीचं आठवीचं वर्ष मोडू नका. फार तर पत्नी-मुलं जूनमध्ये आणि तुम्ही ऑक्टोबरात. परत आल्यावर एनआरई (अनिवासी) खाती लगेच निवासी किंवा आरएफसी (परतलेल्यांचं परकीय चलन खातं) करून घ्या. एफसीएनआर (परकीय चलनातल्या अनिवासी) ठेवी मुदत संपेपर्यंत तशाच राहू शकतात. ग्रीन कार्ड राखून जास्त काळ बाहेर राहू देणाऱ्या रीएंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, तो दोन वर्षांपर्यंत मिळतो. निर्णय चुकला तर परतीचं दार तेवढं उघडं राहतं.

डिसेंबरची सहल. डिसेंबरात चारही शहरं छान दिसतात. थंडी असते, धरणं भरलेली असतात, नातेवाईक गाडी घेऊन न्यायला येतात, रोज कुणीतरी जेवायला बोलावतं. त्यातून शहराबद्दल काहीच कळत नाही. तिकिटं काढली असतील तर रद्द नका करू. या फेरीत नाशिकला दहा दिवस राहा, आई-वडिलांशी बोला, त्यांच्या डॉक्टरला भेटा. पुण्यात शाळांमध्ये जाऊन जागांचं लेखी उत्तर घ्या. बंगळुरू-हैदराबादची विमानं मात्र रद्द करा. घराची जागा बघायला मे महिन्यात एकट्याने आठ दिवस या, नातेवाइकांकडे न उतरता त्याच भागात खोली घेऊन राहा. मंगळवारी पावणेनऊला त्या घरापासून कार्यालयापर्यंत आणि संध्याकाळी साडेसहाला परत, स्वतः रिक्षाने जाऊन बघा. वॉचमनचं रजिस्टर त्याच आठवड्यात मागा.